शोपाँचा कॉन्चेर्टो जुन्या पियानोवर रेकॉर्ड करायचाय? मग माइक सगळ्यात शेवटी बाहेर काढा

गेल्या काही वर्षांत रोमँटिक काळातले, म्हणजे एकोणिसाव्या शतकातले पियानो कॉन्चेर्टो (एकटा पियानो आणि साथीला ऑर्केस्ट्रा अशा रचना) त्या काळच्या वाद्यांवर रेकॉर्ड करायला बरेच जण धजावतायत. वॉर्सात २०१८ साली खास जुन्या पियानोंवरची, शोपाँ या संगीतकाराच्या नावाची स्पर्धा सुरू झाली, पियानिस्ट आंद्राश शिफनं ब्राम्सचे दोन्ही कॉन्चेर्टो १८५९ च्या आसपासच्या ब्ल्यूथनर पियानोवर वाजवले, तेही कंडक्टरशिवाय, आणि त्याच्या बऱ्याच आधी इमॅन्युएल अ‍ॅक्सनं १८५१ च्या एरार पियानोवर शोपाँ केला होता. ही रेकॉर्डिंग्ज ऐकून कित्येक तरुण इंजिनियर आणि पियानिस्ट मला विचारतात की माइक कुठले लावायचे. माइकचं मी सांगणार आहेच पण ते लेखाच्या पार खाली येईल, कारण या कामात माइकच्या आधी दहा गोष्टी ठरतात आणि त्या चुकल्या तर जगातला सगळ्यात महागडा माइकही काही करू शकत नाही.

मुळातली गोष्ट एवढीच आहे की १८३० च्या आसपासचा पियानो आणि १८३० च्या आसपासचा ऑर्केस्ट्रा यांचं माप एकमेकांशी जुळलेलं असतं. आजचा स्टाइनवे पियानो आणि आजचा ऑर्केस्ट्रा दोघंही दणदणीत झालेत, म्हणून रेकॉर्डिंगमध्ये पियानो पुढे ओढायची सवय लागली. जुन्या वाद्यांवर तसं केलंत की पियानो कपाटाएवढा मोठा आणि मागे ऑर्केस्ट्रा रेडिओवर लावल्यासारखा ऐकू येतो आणि सगळी मेहनत फुकट जाते. म्हणजे तुम्हाला बॅलन्स तयार करायचा नाहीये, जो आहे तो मोडू द्यायचा नाहीये. पुढची प्रत्येक पायरी याच एका गोष्टीसाठी आहे.

उदाहरणासाठी मी शोपाँचा एफ मायनर सुरातला कॉन्चेर्टो, ओपस २१ घेतो. माझा सगळ्यात जास्त वेळ त्याच्यावर गेलाय आणि त्यात फसायच्या जागाही भरपूर आहेत.

आधी पियानो ठरवा, आणि "जुना" एवढंच बघून ठरवू नका

एकोणिसाव्या शतकातला पियानो म्हणजे एकच वाद्य नाही, दर दहा वर्षांनी ते बदलत गेलंय. वॉर्सात शोपाँ बुखहोल्ट्झ पियानो वाजवायचा, व्हिएन्नात ग्राफ होता, पॅरिसला गेल्यावर प्लेयेल त्याचा लाडका झाला आणि एरारही होताच. एरारनं डबल एस्केपमेंटचं पेटंट १८२१ मध्ये घेतलं, म्हणजे पट्टी पूर्ण वर न येताच तोच स्वर पुन्हा वाजवता येतो. प्लेयेलची यंत्रणा साधी होती, हात हलका आणि बोटावर ताबा असलेला माणूसच तिच्यातून रंग काढू शकतो. व्हिएन्नाच्या पियानोची यंत्रणा आणखी वेगळी, पट्टी उथळ, हातोडी एवढीशी, तिच्यावर चामडं, स्वर पटकन बोलतो आणि पटकन विझतो.

एफ मायनरचा पहिला जाहीर प्रयोग १७ मार्च १८३० ला वॉर्साच्या नॅशनल थिएटरमध्ये झाला. शोपाँनं स्वतःच्या पियानोवर वाजवलं आणि मागच्या लोकांची तक्रार आली की ऐकूच येत नाही. पाच दिवसांनी दुसऱ्या कार्यक्रमाला त्यानं एका जनरलकडून आणलेला व्हिएन्नाचा, जास्त आवाजाचा पियानो घेतला. पियानो निवडायचा प्रश्न त्यालाही पडलाच होता! तुम्ही थिएटरच्या शेवटच्या रांगेसाठी वाजवत नाही आहात, तुमच्याकडे माइक आहे, त्यामुळे आवाज कमी पण रंग जास्त असलेलं वाद्य घ्यायची मोकळीक तुम्हाला आहे, जी त्याला नव्हती. तिचा फायदा घ्या.

आता मूळ वाद्य की नवी प्रतिकृती? पॉल मॅकनल्टीसारखे कारागीर ग्राफ, प्लेयेल, बुखहोल्ट्झ यांच्या प्रतिकृती बनवतात आणि सेशनच्या दृष्टीनं त्या फार भरवशाच्या असतात. मूळ वाद्याचा आवाज मला अजूनही जास्त आवडतो, दीडशे-पावणेदोनशे वर्षं वाळलेलं लाकूड वेगळंच बोलतं, पण त्याची एखादी पट्टी सेशनच्या मधेच अडकली तर सगळा ऑर्केस्ट्रा हातावर हात ठेवून बसतो. माझा सल्ला असा, पहिलंच रेकॉर्डिंग असेल तर प्रतिकृती घ्या. मूळ वाद्य घेतलंत तर ते सांभाळणारा माणूस तिन्ही दिवस हॉलमध्ये बसलेला पाहिजे, फोनवर नाही.

पट्ट्या किती आहेत तेही मोजा. शोपाँचे दोन्ही कॉन्चेर्टो साधारण साडेसहा सप्तकांच्या वाद्यात बसतात, लिस्टच्या आणि ब्राम्सच्या कॉन्चेर्टोंना जास्त लागतं. हे शेवटच्या आठवड्यात कळलेले लोक मी पाहिलेत.

आणि पियानिस्टला ते वाद्य निदान दोन-तीन आठवडे द्या. आजच्या पियानोवर तयार झालेली बोटं पहिले चार दिवस जुन्या पियानोला मारत असतात. पट्टी खाली टेकल्यावरही जोर लावत राहिलं की स्वर मोठा होत नाही, फक्त कडक होतो आणि खालच्या लाकडाचा टक् आवाज माइकमध्ये येतो. पाचव्या-सहाव्या दिवशी खांदा सैल होतो आणि मग वाद्य गायला लागतं. ते गाणं आल्याशिवाय तारीख ठरवू नका.

पिच: सगळ्यात मोठं भांडण इथेच होतं

आपल्याकडे गायकाची पट्टी ठरली की तंबोरा, पेटी, तबला सगळे तिच्याकडे येतात. इथे पट्टी ठरवणारे तीन आणि तिघांच्याही अडचणी खऱ्या. पिच म्हणजे ए हा स्वर सेकंदाला किती कंपनांवर लावायचा तो आकडा, आणि आजचा ४४० हा आकडा १९३९ च्या परिषदेतला. फ्रान्सनं १८५९ मध्ये ४३५ ठरवलं होतं, त्याआधी तर गावोगावी वेगळं. आज पिरियड ऑर्केस्ट्रा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर वाजवणारे, बहुतेक वेळा ४३० किंवा ४३८ वर वाजवतात आणि त्यांच्या बासऱ्या, ओबो, क्लॅरिनेट तेवढ्यासाठीच बनलेले असतात, ते ओढूनताणून थोडंसंच हलतात. पियानोवाला म्हणतो माझं वाद्य ४३० च्या वर नेणार नाही, आणि त्याचं म्हणणं चूक नाही, कारण ४३० वरून ४४० ला नेलं तर तारांवरचा ताण जवळजवळ पाच टक्क्यांनी वाढतो आणि हा ताण पेलणारी चौकट बरीचशी लाकडाची असते. आजच्या कॉन्सर्ट पियानोत वीस टनांच्या आसपास ताण ओतीव लोखंडाची चौकट सहज पेलते, १८३० च्या वाद्याकडून ती अपेक्षाच करू नका.

म्हणून क्रम असा ठेवा: पहिल्यांदा पियानोच्या मालकाला विचारा, मग लाकडी फुंकवाद्यं वाजवणाऱ्यांना, मग बाकी सगळ्यांना. आकडा कागदावर लिहून सगळ्यांना पाठवा, आणि पियानो त्या पिचला निदान तीन आठवडे आधी आणून ठेवा. आदल्या दिवशी वर चढवलेला पियानो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाली घसरलेला असतो.

इथे माझ्या हातून झालेली चूक सांगतो. थंडीचे दिवस, एका जुन्या चर्चमध्ये सेशन, सकाळी ट्यूनरनं गारठ्यातच पियानो लावला आणि मग वादक कुडकुडायला लागले म्हणून मी हीटर चालू करायला सांगितलं. दोन तासांत हॉल पाच-सहा अंशांनी तापला. हवा तापली की फुंकवाद्यं वर जातात, एका अंशाला साधारण तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), आणि पियानोच्या तारा तापून उलट सैल होतात, म्हणजे दोघं विरुद्ध दिशेला चाललेले. लार्गेटोच्या, म्हणजे कॉन्चेर्टोच्या मधल्या संथ मुव्हमेंटच्या (भागाच्या) शेवटाकडे बॅसून हे खर्जातलं फुंकवाद्य पियानोशी बोलतं ती जागा आहे ना, तिथे दोघांचे सूर एकमेकांना खात होते. ती संध्याकाळ पूर्ण वाया गेली, एक टेकही वापरता आला नाही. तेव्हापासून नियम केलाय, हॉल आदल्या रात्रीपासून ठरलेल्या तापमानाला ठेवायचा, वीस अंश असेल तर वीसच, आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या मधे, आणि पियानो त्याच हवेत लावायचा. टेकच्या वेळी आवाज नको म्हणून हीटर किंवा एसी बंद करतो आपण, तर किती मिनिटांत हवा बदलते ते आधीच मोजून ठेवा आणि तेवढ्याच लांबीचे टेक घ्या.

ऑर्केस्ट्रा: संख्या कमी, तातीच्या तारा, आणि सोलोमध्ये आणखी कमी

व्हायोलिनपासून बासपर्यंत तातीच्या तारा हव्यात. आपल्या सारंगीला असते तीच तात, जनावराच्या आतड्याची. तिचा आवाज स्टीलपेक्षा मऊ असतो पण सुरुवातीला किंचित खरखर येते, आणि ती खरखर पियानोच्या चामड्याच्या हातोडीशी फार सुंदर जुळते. तात हवेप्रमाणे सुरातून उतरते, तुटते पण. प्रत्येक वीस-पंचवीस मिनिटांनी सूर मिळवायला वेळ धरा, आणि त्या वेळेला वाया गेलेला वेळ समजू नका. सारंगीवाला सूर मिळवत बसला की बैठकीत कोणी घड्याळ बघतं का?

किती वादक? सहा पहिली व्हायोलिन, सहा दुसरी, चार व्हायोला, चार चेलो, दोन बास इतक्यात शोपाँ उत्तम होतो. ब्राम्सला यापेक्षा बरेच जास्त लागतील. त्या काळी सोलो पियानो चालू असताना साथीला मोजकीच व्हायोलिनं ठेवायची आणि तुत्तीमध्ये, म्हणजे पूर्ण ऑर्केस्ट्रा वाजतो तिथे, सगळ्यांनी शिरायचं अशी पद्धत होती. ही करून बघाच. पहिल्या मुव्हमेंटमध्ये पियानो चालू असताना प्रत्येक भागात एकेक-दोनदोन वादक ठेवले की एकदम चेंबर म्युझिकसारखा मोकळेपणा येतो, पियानिस्ट हळू आवाजात वाजवायची हिंमत करतो, आणि तुत्ती आली की खरंच दार उघडल्यासारखं वाटतं. हा फरक मिक्सिंगमध्ये आणता येत नाही.

लोक म्हणतात शोपाँला ऑर्केस्ट्रेशन जमत नव्हतं. मला हे पटत नाही, आणि जुनी वाद्यं ऐकल्यावर तर अजिबातच नाही. लार्गेटोच्या मधला तो रेसिटेटिव्ह, म्हणजे बोलल्यासारखा भाग घ्या, खाली तंतुवाद्यांचा थरथरता ट्रेमोलो, बासचे पिझिकातो (बोटानं छेडलेले स्वर), आणि वर पियानो एकटा बोलतोय. मोठ्या मॉडर्न ऑर्केस्ट्रात हा ट्रेमोलो धुक्यासारखा होतो, तातीवर तो दाण्यादाण्यानं ऐकू येतो, अंगावर काटा येतो. शेवटच्या मुव्हमेंटमध्ये गजाच्या लाकडानं तारेवर मारायची जागा आहे, आणि मग हॉर्न एकटा हाक देतो आणि सगळं मेजरमध्ये वळतं. ती हाक नॅचरल हॉर्नवर, म्हणजे व्हॉल्व्ह नसलेल्या जुन्या हॉर्नवर घ्या. दोन-चार टेक जास्त लागतील, लागू देत.

हॉल आणि बसायची जागा

हॉलचा घुमार दोन सेकंदांच्या आसपास असला की बरं. चार सेकंदांचं मोठं चर्च फोटोत छान दिसतं पण शोपाँच्या भरभर धावणाऱ्या ओळी त्यात पीठ होतात. एरार घेणार असाल तर आणखी जपा, त्याचे डँपर, म्हणजे स्वर थांबवणाऱ्या गाद्या, तारांच्या खालून लागतात आणि स्वर सोडल्यावरही मागे थोडी आस राहते. ती आस हाच त्या वाद्याचा जीव आहे, तंबोऱ्याच्या जवारीसारखी, पण तिच्यावर हॉलचा लांब घुमार चढला तर दोन्ही हातातून जातात. बाहेरचा रस्ता, शाळेची घंटा, छतावरची कबुतरं, दिव्यांची गुणगुण, हे सगळं एक दिवस आधी त्याच वेळेला जाऊन डोळे मिटून ऐका. हळू आवाजाच्या वाद्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये बाहेरचा आवाज जास्त कळतो.

पियानोचं झाकण काढून पियानिस्टची पाठ हॉलकडे करून ठेवायची पद्धत मोत्सार्टला शोभते. शोपाँसाठी मी झाकण ठेवतो, पियानो आडवा, पण मैफलीत असतो त्यापेक्षा मीटरभर आत ऑर्केस्ट्राच्या पोटात ढकलतो. पहिला बॅसून आणि पहिला क्लॅरिनेट पियानिस्टला दिसले पाहिजेत, नुसते ऐकू येऊन पुरत नाही. कंडक्टर असेल तर तो झाकणाच्या मागे लपणार नाही एवढं बघा. वादकांना पाच-दहा मिनिटं नुसतं एकमेकांचं ऐकत वाजवू द्या आणि मग खुर्च्या हलवा. बॅलन्स बिघडतोय असं वाटलं तर पहिला उपाय खुर्ची, दुसरा उपाय वादकाशी बोलणं, आणि फेडर, म्हणजे मिक्सरवरचा आवाज कमी-जास्त करायचा खटका, सगळ्यात शेवटी.

आता माइक

मुख्य आवाज दोन किंवा तीन ऑम्नी (सगळ्या दिशांनी ऐकणाऱ्या) माइकवरच घ्या, कंडक्टरच्या डोक्याच्या थोडं मागे, तीन मीटरच्या आसपास उंचीवर. तीन लावायचे तर डेका ट्रीची रचना, डावा-उजवा साधारण दोन मीटर अंतरावर आणि मधला पुढे. यावरच नव्वद टक्के काम झालं पाहिजे. नुसत्या मुख्य माइकवर रिहर्सल रेकॉर्ड करून ऐका आणि ते अर्धवट वाटलं तर स्टँड हलवा, अर्धा मीटर पुढे, वीस सेंटिमीटर खाली, पुन्हा ऐका. या कामाला मी दोन तास देतो आणि मला कधीच पश्चात्ताप झालेला नाही.

पियानोला जवळचा माइक लागतो पण आधारापुरता. झाकणाच्या बाहेर सव्वा-दीड मीटरवर ठेवा, आत कधीच नको. आत ठेवलात तर चामड्याची थाप, पेडलची धपकन आणि डँपरची सळसळ स्वरापेक्षा मोठी येते. जुन्या पियानोत तारा सरळ समांतर असतात, एकमेकींवरून आडव्या जात नाहीत, त्यामुळे खालचा, मधला आणि वरचा भाग तीन वेगळ्या माणसांनी बोलावं तसे बोलतात. जवळचा माइक यातल्या एकाच माणसाचं ऐकतो. लांबून तिघं एकत्र येतात आणि मग कळतं की डाव्या हाताची साथ इतकी भरगच्च असूनही वरची गाणारी ओळ का बुडत नाही.

फुंकवाद्यांवर एक जोडी, बासवर एक, हॉर्नवर लावलात तर मागच्या भिंतीकडून येणाऱ्या आवाजाचा विचार करून लावा. जवळचे माइक मिक्समध्ये हळूच आत घ्या आणि त्यांना उशीर द्या, एका मीटरला साधारण तीन मिलिसेकंद, म्हणजे मुख्य माइकपासून सात मीटर मागे बसलेल्या बॅसूनला वीसच्या जवळपास. हे नाही केलं तर बॅसून उडी मारून पियानिस्टच्या मांडीवर येऊन बसतो. फॉरमॅट २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ पुरे. लेव्हल सैल ठेवा, टिंपनीला, म्हणजे ऑर्केस्ट्रातल्या नगाऱ्याला, कातडं असतं आणि ती अचानक फार पुढे येते.

टेक कसे घ्यायचे

एफ मायनर साधारण अर्ध्या तासाचा आहे. तीन दिवस घ्या, तीन तासांच्या एका सेशनमध्ये दहा-बारा मिनिटांचं पक्कं संगीत मिळालं तरी चांगला वेग म्हणा. रोज सुरुवात पूर्ण मुव्हमेंट सलग वाजवून करा, चुका होऊ देत. शोपाँची लय श्वासासारखी चालते, उजवा हात रेंगाळतो आणि खालचा आधार चालत राहतो, ती दोन-दोन ओळींचे तुकडे घेऊन कधीच सापडत नाही. कानात टिकटिक ठेका देणाऱ्या क्लिक ट्रॅकचं नावही काढू नका. लार्गेटो संध्याकाळी ठेवा, रस्ता शांत झाल्यावर.

प्रत्येक टेकच्या शेवटी ऑर्केस्ट्रानं हलायच्या आधी पियानोवर एक ए आणि एक सप्तक वाजवून घ्या आणि तो रेकॉर्डिंगमध्येच राहू द्या. सकाळचा टेक आणि दुपारचा टेक जोडता येईल का हे एडिटिंगला बसल्यावर याच ए वरून कळतं. चार-पाच सेंटचा फरक कानाला सलग टेकमध्ये कळत नाही, सांध्यावर मात्र लगेच टोचतो. ट्यूनरनं दर ब्रेकला वाद्य तपासायचं आणि टेंपरामेंट, म्हणजे स्वरांमधली अंतरं वाटायची पद्धत, तेच ठेवायचं, थोडं विषम लावलं असेल तर पहिल्या दिवशीच प्रत्येक स्वराचे आकडे लिहून घ्यायचे. निर्मात्यानं स्कोअरवर लिहिताना चुकीबरोबर "इथे जीव होता" अशीही खूण करावी, तीन महिन्यांनी तीच कामाला येते.

एडिटिंगमध्ये सांधा पियानोच्या ठसक्यावर टाका, लांबणाऱ्या स्वरात नको. जुना पियानो पटकन विझतो, त्याची विझायची चढउतार मधे बदलली की लगेच कळतं. पेडलचा थोडा आवाज, पट्टीची किंचित खुटखुट राहू द्या. सगळं साफ केलेलं एक व्हर्जन मी एकदा बनवलं होतं, ऐकल्यावर पियानिस्ट बाई शांतपणे म्हणाल्या, "हे माझं वाद्य वाटत नाहीये." मी ते सगळं परत आणलं.

मास्टरिंगला कॉम्प्रेसर (मोठे आणि हळू आवाज एका पातळीवर आणणारं यंत्र) नको. पियानिसिमो, म्हणजे अगदी हळू आवाजाची जागा, खरंच हळू राहू दे. सोबतच्या पुस्तिकेत पियानो कोणाचा, कुठल्या साली बनलेला, मूळ की प्रतिकृती, पिच किती, टेंपरामेंट कुठलं आणि ट्यूनर कोण हे छापा, ट्यूनरचं नाव पियानिस्टच्या खालोखाल. आणि सोडायच्या आधी शेवटची तपासणी म्हणून तो रेसिटेटिव्ह लावा, आवाज बराच कमी करा, आणि शेजारच्या खोलीत जाऊन उभे राहा. तिथून बासचे पिझिकातो अजूनही एकेक करून मोजता येत असतील तर फाइल पाठवून द्या.